जपानी पैलवान, खाला आणि माझे रुसलेले पाय

आमच्या वस्तादांचा एक कडक नियम होता. आखाड्यातल्या माणसानं पाठ टेकून झोपायचं नाही, झोपायचं ते कुशीवर. उताणं झोपलं की पाठीला जमिनीची सवय लागते आणि मग कुस्तीच्या दंगलीत ती लवकर टेकते, असं त्यांचं म्हणणं. यामागचं शास्त्र विचारू नका, आम्हीही कधी विचारलं नाही. मी लहान असल्यापासून कुशीवरच झोपत आले. लग्न झाल्यावर नवऱ्याला वाटलं, ही रोज रागावून पाठ फिरवते. त्याची समजूत काढायला बरेच दिवस लागले.

हे आधीच सांगून टाकते, कारण या नियमापायी दवाखान्यात मी जो गोंधळ घातला तो पुढे यायचा आहे.

मी सुरेखा. पांढरकवड्याजवळ मुलींच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. कुस्ती आणि ज्युदो शिकवते. आमचा बंजारा तांडा केळापूरच्या बाजूला. याडी, म्हणजे माझी आई, अजून तिथंच राहते. नवरा प्रकाश एसटीत कंडक्टर. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मला जीबीएस झाला. नसांचा आजार आहे, हात-पाय लुळे पडतात. आता मी बरी आहे. मध्यंतरी झरी जामणीकडचा एक माणूस पत्ता शोधत घरी आला. त्याची बहीण त्याच आजारानं पडून होती. चहाला हात न लावता त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही खरंच पुन्हा चालाले लागल्या का?" मी उठून त्याला अंगणात दोन चकरा मारून दाखवल्या. तो बघत राहिला आणि मग त्यानं गार झालेला चहा पिऊन टाकला. सगळ्यांच्या दारात जाऊन चालून दाखवणं काही जमणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

पाय रुसले

सुरुवात मुंग्यांनी झाली. आधी पोट बिघडलं होतं. ते बरं झालं आणि पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं बूट घट्ट झालेत. मग एक दिवस गादीवर डाव शिकवताना माझा गुडघा आपोआप दुमडला. सातवीतली एक काटकुळी पोरगी वर आणि मी खाली. पोरींनी टाळ्या पिटल्या. मॅडमनी मुद्दाम हार खाल्ली असं त्यांना वाटलं. मीही हसले, पण उठताना भिंतीला धरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या पायरीवर पाय चढेना. बस नेमकी प्रकाशचीच होती. तो दारातून ओरडला, "अवं चढ नं, लोकं खोळंबले."

"पाय उचलून नाही राह्यला," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी मजाक करते आहे. मी दांडा धरून हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढलं आणि पहिल्याच सीटवर कोसळले. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी आम्ही यवतमाळला एका दवाखान्यात होतो.

डॉक्टरांनी छोटी हातोडी काढून माझ्या गुडघ्यावर मारली. काही नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तिथंही काही नाही. माझ्या गुडघ्यांनी त्यांना भावच दिला नाही. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की प्रकरण साधं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ते म्हणाले, "तुमच्या शरीरातले राखणदारच तुमच्या नसांवर उलटलेत. हे आधी थोडं वाढेल, मग थांबेल आणि मग हळूहळू उतरेल. बहुतेक पेशंट बरे होतात. पण किती वाढेल आणि उतरायला किती वेळ लागेल, ते मी सांगू शकत नाही."

प्रकाशनं विचारलं, "हे चालन का साहेब पुन्हा?"

"चालतील, बहुतेक."

मी विचारलं, "आणि गादीवर उतरता येईन का?"

"ते आजच कुणी सांगणार नाही," ते म्हणाले.

तेवढं एक वाक्य मी सोबत घेऊन वॉर्डात गेले. चालणं सगळ्यांनाच हवं असतं. मला गादीवर परत जायचं होतं. पंधरा-वीस पोरी तिथं माझी वाट बघत होत्या, आणि त्या गादीबाहेर मी कोण आहे ते मला नीटसं ठाऊक नव्हतं.

उताणी

तपासणीसाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. त्यानंतर सिस्टर म्हणाल्या, "आता संध्याकाळपर्यंत सरळ उताणं पडून राहायचं. उशी नाही. कुशीवर वळायचं नाही."

इथं माझं डोकं फिरलं. पाय गेले होते, पण हातांत अजून जोर होता. सिस्टरची पाठ वळली की मी पलंगाचा कठडा धरून कुशीवर व्हायची. त्या येऊन मला सरळ करायच्या. मी पुन्हा वळायची. शेवटी त्या वैतागल्या.

"अहो मॅडम, पाठ टेका!"

"नाही टेकत!"

त्यांनी प्रकाशला बोलावून हळूच विचारलं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का. प्रकाशनं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं त्यांना वस्तादांचा नियम सांगितला. पाठ टेकली की पैलवान चीत, कुस्ती संपली, म्हणून आमच्यात कोणी उताणं झोपत नाही. सिस्टर एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. दोघंही पेशंट वाटली असणार.

तेवढ्यात समोरच्या पलंगावरून खुसखुस ऐकू आली. तिथं वणीची एक बाई होती. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, डावा हात निकामी, तोंड एका बाजूला ओढलेलं. ती ते ओढणीनं झाकून ठेवायची. ओढणीआडून ती म्हणाली, "बेटी, इथं तुह्या छातीवर बसाले कोन येऊन राह्यलं? पड नं आरामात!"

या नसीमखाला. वणीला त्यांच्या मुलाचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. पुढे त्यांच्याशिवाय माझं पान हललं नाही.

माझ्या वळवळीची शिक्षा मला मिळाली. बसवलं की डोकं असं ठणकायचं की डोळे उघडवत नसत. पाणी काढल्यावर सरळ न राहिल्यानं असं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. पैलवानकीची ही घमेंड दुसऱ्या कुणी करू नये, सांगितलं की मुकाट्यानं पडून राहावं.

पुढच्या दोन दिवसांत हातही गेले. मग कठडा धरायचा प्रश्नच उरला नाही. मी उताणी पडले ती पडलेच. नाकावर माशी बसली तरी प्रकाशला सांगावं लागायचं. त्या दुपारी मी खूप रडले. डोळे पुसायलाही हात नव्हता, ते सगळं कानात जात होतं. प्रकाशनं माझे कान पुसले. तोही रडत होता आणि रागावत होता, "कानात पानी गेलं तं तेही दुखतीन आता," म्हणून.

एका दमात

रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि म्हणायचे, "दीर्घ श्वास घ्या आणि एका दमात मोजा." मी एक, दोन, तीन करत सुटायचे. आजार छातीत चढतोय का ते यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी तिशीच्या पुढं सहज गेले आणि खूश झाले. मग आकडा रोज घसरायला लागला. एके दिवशी विशीतच दम संपला. आणखी खाली आलं तर श्वासाची मशीन लावावी लागेल, असं डॉक्टर प्रकाशला दाराबाहेर सांगत होते. मला ऐकू आलं. माझे कान एकदम ठणठणीत होते.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. दंगलीत समोरची पैलवानीण दिसते, तिला धरता तरी येतं. इथं धरायचं काय?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मी श्वास घेतला. मी "एक" म्हणायच्या आत समोरून खालांनी धडाधडा कठडा वाजवायला सुरुवात केली, उजव्या चांगल्या हातानं. "एक! दो! तीन! चल बेटी!" शेजारच्या दोन-तीन बायाही मोजायला लागल्या. सिस्टर ओरडल्या, "हे काय चाललंय?" डॉक्टर हसायला लागले. त्या गलक्यात मी कालच्या आकड्यावर टिकले. एकही जास्त नाही, पण एकही कमी नाही. डॉक्टर म्हणाले, "थांबलंय वाटतं." ते 'थांबलंय' ऐकून प्रकाश बाहेर गेला आणि अख्ख्या वॉर्डसाठी चहा घेऊन आला. वॉर्डातल्या निम्म्या बायांना साखर होती, त्यांना बिनसाखरेचा आणायला तो पुन्हा गेला.

कुमाजिरो

उताण्या माणसाला छताशिवाय काही दिसत नाही. प्रकाशनं मग डबा उभा करून त्याला मोबाइल टेकवला आणि माझ्या आवडत्या कुस्त्या लावल्या. माझी ही आवड घरात चेष्टेचा विषय आहे. जपानात कुमाजिरो नावाचा एक पैलवान आहे आणि कित्येक वर्षांपासून मी त्याच्या मागावर आहे. ज्युदोच्या प्रशिक्षणात सरांनी त्याची चित्रफीत दाखवली होती, "पडावं कसं ते बघा" म्हणून. तेव्हापासून लागलेलं हे वेड.

खालांनी विचारलं, "काय पाहून राह्यली?" मग त्यांच्या मुलानं त्यांचा पलंग माझ्या पलंगाजवळ सरकवला आणि आम्ही दोघींनी मिळून कुमाजिरोची सगळी कारकीर्द पहिल्यापासून बघायला घेतली.

तो बर्फाळ गावातला पोरगा. शाळेत ज्युदो खेळला, मग व्यावसायिक कुस्तीच्या एका संघात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. तिथं उमेदवारानं मोठ्या पैलवानांचे कपडे धुवायचे, सगळ्यांसाठी भलंमोठं भांडं भरून कालवण शिजवायचं आणि उरलेल्या वेळात नुसता आपटून पडायचा सराव करायचा. काळी चड्डी, भादरलेलं डोकं, रोज हार. मग त्याला मेक्सिकोला धाडलं. तिथून रिंगच्या दोरावरून उड्या मारायला शिकून, तोंडावर निळा मुखवटा चढवून परत आला. पुढं मुखवटा उतरवून जाळीच्या पिंजऱ्यात खरीखुरी मारामारी लढला. एकाकडून नाक फोडून घेतलं, दुसऱ्याचा हात असा मुरगाळला की त्यानं लगेच हार मानली. मग विजेत्याचा मोठा पट्टा जिंकला. एकाच माणसानं हे सगळं केलं यावर खालांचा विश्वास बसेना. त्या म्हणत, हे चार भाऊ असतील.

एकदा त्या म्हणाल्या, "ये तो नुराकुस्ती आहे. कोन जिंकन ते आधीच ठरलेलं असते."

मला राग आला. "असते ठरलेलं. पन ज्यावर आपटते ते गादीखालचं लाकूड खरं असते नं खाला? लाकडाले थोडीच सांगतलं हे खोटं हाय म्हनून!"

मग म्हणाल्या, "बरं, लाव पुढची."

पट्टा जिंकल्यावर काही वर्षांनी कुमाजिरो मानेवर वाईट पडला. हातापायांतली ताकद गेली आणि वर्षभर तो कुठंच दिसला नाही. मला हे आधीच माहीत होतं, पण पडून बघताना ते वेगळंच दिसलं. परत आल्यावरची त्याची एक मुलाखत आहे, खाली इंग्रजी अक्षरं येतात. मी ती खालांना मराठीत सांगितली. त्याला विचारतात, परतल्यावर आधी कशाचा सराव केला? तो म्हणतो, पडण्याचा. पहिल्या दिवशीच्या उमेदवारासारखा, पोरांच्या रांगेत उभा राहून.

आता तो साठीला टेकलाय आणि गावोगावच्या शाळांच्या हॉलमध्ये विनोदी कुस्त्या करतो. गड्याला धरायच्या आधी चष्मा लावतो. मध्येच कंबर धरून बसतो. रेफरीकडून पाठ चोळून घेतो आणि समोरचा हसत असतानाच त्याला गुंडाळतो. ती पाठ चोळून घ्यायची कुस्ती बघताना खाला इतक्या हसल्या की ओढणी कधी गळून पडली ते त्यांना कळलंच नाही. त्यांचा मुलगा डबा घेऊन दारात उभा होता. झटका आल्यापासून त्यानं आईचं तोंड पाहिलं नव्हतं. "अम्मी, हसून राह्यली तू!" तो म्हणाला. खालांनी ओढणी उचलली, पण तोंडावर घेतली नाही. ते वाकडं हसू फार गोड होतं. मी त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "चूप बस, बुढीची मजाक नको करू."

शाळेला फोन

सगळंच हसण्यावारी गेलं असं मात्र नाही. बोटं हलायला लागली, मग मनगट, मग मी चमचा धरायला लागले. त्याच दिवसांत याडी भेटायला आली आणि पदरानं माझं तोंड पुसता पुसता म्हणाली, "बाईच्या जातीनं कुस्ती कायले खेळाव? आंग मोडून गेलं तुह्यं." आजाराचा आणि कुस्तीचा संबंध नाही, हे डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं. तिनं दोन्ही वेळा मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाली.

याडीचं मला काही वाटलं नाही. लागलं ते प्रकाशचं. मला भेटायला आलेल्या शाळेतल्या बाईंच्या तोंडून सहज निघून गेलं की मुख्याध्यापक माझ्या जागी दुसरं कुणी बघताहेत, कारण प्रकाशनंच त्यांना फोन करून तसं सांगितलं होतं.

"कोनाले इचारून केला फोन?" मी विचारलं.

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तू पुन्हा पडली तं? आता बसच्या पायरीवर नाही, गादीवर. कोनी उचलून फेकलं तुले तं? मले नाही पाहवत आता."

"मी पडाचं शिकवते हो पोट्ट्यांले! माह्यं कामच थे हाय!"

"म्हनूनच," तो म्हणाला.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तो माझी वेणी घालायचा, जेवू घालायचा, पाठीला पावडर लावायचा, सगळं मुक्यानं. वेणी आधीच वाकडी घालायचा, रागात आणखी वाकडी. तिसऱ्या दिवशी खालांनी त्याला हाक मारली. "कंडक्टरसाहेब, एक तं बोला, नाही तं वेणी सरळ घाला. दोन्ही जुलूम नका करू पोरीवर." तो हसला, मीही हसले आणि भांडण तिथंच अर्धवट राहिलं. त्यानं फोन मागे घेतला नव्हता आणि मीही माझं म्हणणं मागे घेतलं नव्हतं.

टिंग टिंग

उभं करायला फिजिओथेरपीच्या किरणताई आल्या. लहान चणीची, वर्ध्याकडची मुलगी. तिनं माझ्या कमरेला पट्टा बांधला, दोन्ही बाजूंना दांडे, आणि म्हणाली, "उठा."

मी उठले आणि लगेच बसले. पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे लटपटत होते. पुन्हा उठले. प्रकाश मागे उभा होता. अचानक त्यानं तोंडानं आवाज काढला, "टिंग टिंग!" कंडक्टर दोनदा घंटी देतो तशी, चला म्हणून. मी एक पाऊल टाकलं. किरणताईंना हे फार आवडलं. मग रोज तेच. टिंग टिंग म्हणजे चला, नुसतं टिंग म्हणजे थांबा. मला दम लागला की मीच ओरडायची, "टिंग!" आणि खाला पलंगावरून, "इथं स्टॉप नाही हो, पुढं चला!"

घरी जायच्या आदल्या दिवशी खालांनी त्यांच्या चांगल्या हातानं माझा गाल धरला. "त्या जपानी बुढ्याची नवीन कुस्ती आली की मोबाइलवर धाडत जाय," म्हणाल्या. आजही धाडते.

पडायचा क्लास

घरी आले ती वॉकर घेऊन. पाय रोज थोडे सुधारत होते. किरणताई आठवड्यातून एकदा फोनवर बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "मॅडम, आता वॉकर सोडायला हरकत नाही."

मी सोडला नाही. दहा कारणं सांगितली. फरशी ओली आहे, पाहुणे यायचेत, आज गुडघा दुखतोय. खरं कारण मला पडायची भीती वाटत होती. हे कळायला मलाच वेळ लागला. कुठल्याही नव्या पोरीला मी पहिला महिनाभर फक्त पडायला शिकवते: हनुवटी छातीला, हात गादीवर सपाट. आणि आता मी न्हाणीघरात जाताना भिंतीला चिकटून चालत होते.

शेवटी किरणताईंना मी स्पष्ट विचारलं, "गादीवर कधी?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही जमिनीवर पडल्यावर कुणाचाही हात न धरता उठून उभ्या राहिल्या, की मला विचारायची गरज नाही. तोवर नाही."

"मग पडायले शिकवा."

"आम्ही पेशंटला पडू नका म्हणून शिकवतो मॅडम!" पण त्यांना ते पटलं होतं. त्यांनी उठायचं शिकवलं. प्रकाशनं चार गाद्या अंथरल्या, तोंड वाकडं करून. मी त्या गाद्यांवर आडवी व्हायची, कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग रांगतं व्हायचं, मग एक गुडघा पुढं. त्या गुडघ्यावर सगळं अडायचं. तिथून वर उठायला मला नेहमी खुर्ची लागायची, नाही तर प्रकाशचा खांदा. रोज प्रयत्न केला, रोज खुर्ची लागली. प्रकाश म्हणायचा, "खुर्ची घेऊन गादीवर जाशीन का?" मी उशी फेकून मारायची. नेम चुकायचा नाही, हात तर चांगलेच परत आले होते.

तीज

श्रावणात तांड्यावर तीज असते. कुवार पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, आणि संध्याकाळी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरापुढं टोपल्या ठेवून सगळ्या बाया गोल धरून नाचतात, गातात. शेवटच्या दिवसांत मी गेले. वॉकर हातात घेतला नाही. प्रकाशनं गाडीतून उतरताना तो काढला, मी परत ठेवायला लावला. माहेरच्या अंगणात वॉकर घेऊन शिरायचं मला जड गेलं असतं, एवढंच कारण होतं.

मी बाजेवर बसून टाळ्या देत होते. अंकुर चांगले वीतभर वाढले होते, पिवळेधम्मक. गाणं रंगात आलं. माझ्या वयाच्या सगळ्या गोलात होत्या, आणि लहानपणीचीच ती चाल. मला कुणी बोलावलं नाही, मीच उठले. गोलात शिरले. दोन्ही बाजूंच्या बायांनी माझे हात धरले आणि मी चक्क नाचायला लागले. फार नाही, आपलं डावं-उजवं, डावं-उजवं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं गायला लागले, आणि माझा आवाज किती भसाडा आहे ते तांड्यात सगळ्यांना माहीत आहे.

मग गोल वेगानं फिरला. उजवा पाय मागे राहिला. धरलेले हात सुटले आणि मी पडले.

पण पडले ती कशी! हनुवटी छातीला, दोन्ही हात सपाट, धप्पकन. मी ठरवलं नव्हतं, अंगानं आपणहून केलं. मातीचा धुरळा उडाला. गाणं थांबलं. याडी किंचाळली. चार बाया वाकल्या, आणि पुरुषांच्या घोळक्यातून प्रकाश धावत आला.

मी पडल्या पडल्या हात वर केला. "कोनी हात लावू नका!"

"सुरेखा..."

"तुम्ही तं बिलकूल नाही!"

तो जागच्या जागी थांबला. मी कुशीवर वळले. कोपरावर आले. मग रांगती झाले, सगळ्या तांड्यासमोर, लुगड्यांच्या त्या गर्दीत. डावा गुडघा पुढं घेतला. इथंच रोज खुर्ची लागायची. खुर्ची नव्हती. मी दोन्ही हात मांडीवर दाबले आणि ढकललं. मांडी थरथरायला लागली. याडी काहीतरी पुटपुटत होती, देवाचं असावं. एकदा तोल गेला, पुन्हा गुडघ्यावर. पुन्हा ढकललं. आणि मी वर आले. उभी राहिले. डोलत होते, पण माझी मीच उभी होते.

बायांनी असा ओरडा केला की नायकाच्या गोठ्यातली म्हैस उठली. याडी रडत, हसत माझ्या पाठीवरची माती झटकत होती, जरा जोरातच. कुणीतरी गाणं पुन्हा उचललं. मी प्रकाशला शोधलं. तो दिसेना. मला वाटलं रागावला. मग दिसला, गाडीजवळ, एक कान बोटानं बंद करून दुसऱ्या कानाला मोबाइल लावलेला, त्या गोंगाटावर ओरडत होता.

"हॅलो सर, प्रकाश बोलून राह्यलो! सुरेखाच्या जागी दुसरं कोनी पाहा म्हटलं होतं नं, ते नका पाहू! ... हव, येते ते! ... नाही नाही सर, बरी हाय! पडली! आत्ताच पडली, म्हनून तं फोन केला!"